खोलीतल्या झाडांना घरगुती कार्बन डायऑक्साइड: बाटली कुठे चालते, कुठे नाही

धागाकर्ता: गवाक्ष

ऊन न येणाऱ्या फ्लॅटमध्ये एलईडीखाली पालेभाजी लावणारे आता बरेच जण आहेत, आणि त्यांच्यापुढे कधी ना कधी एक व्हिडिओ येतोच. बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट, झाकणाला भोक, भोकातून नळी आणि नळीचं तोंड कुंडीपाशी. झाडं दुपटीने वाढतील म्हणतात. खाली कुणी सोडा-व्हिनेगर सुचवतं, कुणी आळंबीची पिशवी, तर कुणी कंपोस्टचा डबा रॅकच्या खालच्या कप्प्यात ठेवायला सांगतं. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि कोथरूडला उत्तरेकडच्या खोलीत रॅकवर लेट्यूस, बेझिल, मेथी घेतो. या विषयावर आकडेमोडीसकट मराठीत काही माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

मूळ कल्पना चुकीची नाही. बाहेरच्या हवेत आज कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत ४२० भागांच्या) वर आहे. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. टोमॅटो, मिरची, पालक, मेथी, लेट्यूस, गहू, भात या सगळ्या पिकांमध्ये हवेतला कार्बन पकडणारं विकर (एन्झाइम) थोडं चुकार आहे, ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजनही पकडतं आणि मग झाडाची कमाई वाया जाते. आजूबाजूला कार्बन डायऑक्साइड जास्त असला की ही गळती कमी होते. काचगृहांत ८०० ते १००० पीपीएम ठेवून उत्पादन वाढवतात ते याच कारणाने. मका, ज्वारी, ऊस आणि आपला माठ यांची पद्धत निराळी. ही झाडं कार्बन आधीच आत साठवून त्या विकरापाशी नेतात, त्यामुळे त्यांना जादा वायूचा फायदा फारसा होत नाही. म्हणजे लाल माठाच्या ट्रेवर बाटली टांगण्यात पहिल्यापासूनच अर्थ नाही.

आता बाटलीचा हिशोब. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे ५१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आपल्याकडच्या तापमानाला २८ लिटरच्या थोडा वर. दोन लिटरच्या बाटलीत २०० ग्रॅम साखर घातली आणि ती दोन आठवडे चालली, तर एकूण ५७ लिटर वायू. तासाला पडतो ०.१७ लिटर.

खोली दहा बाय दहा, उंची नऊ फूट धरा. आत हवा साधारण २५,००० लिटर. ती ४२० वरून १००० पीपीएमवर न्यायला सुमारे १५ लिटर वायू लागतो. खोली हवाबंद नसते. दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या चौकटीतून हवा बदलत राहते. तासाला एकदा पूर्ण हवा बदलते असं मानलं तर हे १५ लिटर दर तासाला हवेत. साखरेने करायचं तर तासाला ५२ ग्रॅम साखर, बारा तास दिवे चालू असतील तर रोज सव्वासहाशे ग्रॅम. सोडा-व्हिनेगरने करायचं तर तासाला ५० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि पाऊण ते एक लिटर व्हिनेगर. एका बाटलीच्या ०.१७ लिटरने या खोलीत काय होणार? गळक्या पिंपात वाटीने पाणी ओतण्यासारखं आहे ते.

आणि हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: स्वस्थ बसलेला मोठा माणूस तासाला १५ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. म्हणजे शंभर-एक बाटल्यांइतका. ज्या खोलीत तुम्ही दार लावून पुस्तक वाचत बसता, तिथल्या झाडांना तुम्ही आधीच काचगृहाची हवा देताय.

छोट्या बंद तंबूचा हिशोब वेगळा निघतो. तो कुणी विचारला तर लिहितो. अनुभव आणि शंका दोन्ही येऊ द्या.

प्रतिसाद: मेथीची_जुडी

सर, लेख आवडला, पण माझा अनुभव याच्या उलट आहे. माझ्याकडे हवेची गुणवत्ता दाखवणारा छोटा मीटर आहे, ऑनलाइन घेतलेला. त्यावर 'सीओटू' असा आकडा येतो. रॅकवर यीस्टची बाटली ठेवली आणि तासाभरात ६०० वरून १८०० वर गेला. खिडकी अर्धी उघडी होती. मग तुमचा हिशोब कुठे चुकतोय?

प्रतिसाद: अनुस्वार

@मेथीची_जुडी ताई, हिशोब बरोबर आहे, मीटर बघायला हवा. मी सेन्सरवर काम करतो म्हणून लिहितो.

बाजारात या नावाने दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात अवरक्त किरण हवेतून सोडतात आणि कार्बन डायऑक्साइडने त्यातले किती शोषले ते मोजतात. याला एनडीआयआर म्हणतात, एमएच-झेड१९ सारखे सेन्सर या जातीचे. हे खरोखर तोच वायू मोजतात. दुसऱ्या जातीत तापवलेल्या धातूच्या ऑक्साइडचा एक ठिपका असतो, जो हवेतल्या बाष्पशील सेंद्रिय पदार्थांना, म्हणजे सोप्या भाषेत वासांना, प्रतिसाद देतो. त्यावरून 'घरात इतका वास आहे म्हणजे माणसं असतील, म्हणजे कार्बन डायऑक्साइड अमुक असेल' असा अंदाज बांधून पडद्यावर पीपीएम दाखवतात. एमक्यू-१३५, सीसीएस८११ ही या दुसऱ्या जातीची नावं. खोक्यावर 'ईसीओटू' असं लिहिलेलं असतं, त्यातला 'ई' म्हणजे 'इक्विव्हॅलंट', थेट मोजलेला नव्हे तर अंदाजाने काढलेला आकडा.

यीस्टच्या बाटलीतून वायूबरोबर अल्कोहोलची वाफही येते. तुमचा मीटर बहुधा तीच हुंगतोय.

घरच्या घरी तपासून बघा. बाटली दुसऱ्या खोलीत न्या, मीटर स्थिर होऊ द्या, मग त्याच्या शेजारी संत्र्याची साल दाबा किंवा सॅनिटायझरचा एक थेंब कापसावर घेऊन धरा. 'सीओटू' उसळला तर तो वासाचा मीटर. एनडीआयआर असेल तर त्याला फरक पडणार नाही, पण तुम्ही त्याच्यावर फुंकर मारली तर मात्र झटकन चढेल.

आणखी एक. चांगल्या एनडीआयआर मीटरमध्येही आपोआप शून्य लावायची सोय असते. गेल्या काही दिवसांत दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं तो धरून चालतो. सदा बंद असलेल्या खोलीत ठेवला तर हळूहळू चुकीचं दाखवायला लागतो. अधूनमधून त्याला गॅलरीत हवा खायला न्यायचं, किंवा ती सोय बंद करायची.

प्रतिसाद: मेथीची_जुडी

करून बघितलं. सालीने २००० च्या वर गेला. आता खरा मीटर घ्यायचा की तोच खर्च आणखी दिव्यांवर करायचा?

प्रतिसाद: गवाक्ष

दिव्यांवर. यावर माझं ठाम मत आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लोक २० वॅटची घरगुती एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारखा सरळ दिवा, चार बाय दोन फुटांच्या फळीवर लावतात. तिच्यातून सुमारे २००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) निघतात. सगळाच्या सगळा उजेड फळीवर पडला, जो कधीच पडत नाही, तरी २७०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) होतात. झाडाच्या मोजमापात, म्हणजे दर चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण, हे ४० च्या आत येतं. लेट्यूसला सोळा तास दिवे ठेवले तरी २०० च्या आसपास हवं. म्हणजे एका बॅटनने गरजेच्या पाचव्या हिश्शाइतकाही उजेड पडत नाही. अशा झाडाला कार्बन जादा देऊन तो वापरायला शक्ती कुठून आणणार? उजेड कमी असताना जादा वायूचा फायदा अगदी थोडा असतो, उजेड भरपूर झाला की मगच कार्बन कमी पडायला लागतो.

मोबाइलमधलं लक्समीटरचं अॅप पुरेसं आहे. फोन पानांच्या उंचीवर आडवा ठेवा, सेन्सर वर. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागा. १४-१५ हजार लक्स आले की लेट्यूसचं भागलं. तिथवर पोचायला पाच-सहा बॅटन जवळजवळ लावाव्या लागतात आणि पानांपासून वीतभर अंतरावर आणाव्या लागतात. माझ्या रॅकच्या वरच्या कप्प्यात तशा लावल्या आहेत. तिथली पानं जाड, दाट आणि बुटकी आहेत. खालच्या कप्प्यात दोनच बॅटन आहेत, तिथली मेथी लांबुडकी होऊन आडवी पडते. दोन्हीकडे हवा एकच आहे.

प्रतिसाद: तिरफळ

मी सावंतवाडीहून. माझ्याकडे ग्रो टेन्ट, म्हणजे आत दिवे लावून झाडं वाढवायचा बंद तंबू आहे, दोन बाय दोन, चार फूट उंच. मिरचीची रोपं करतो. सर, तो 'वेगळा हिशोब' लिहाच. यात बाटली चालेल असं माझं मन सांगतंय.

प्रतिसाद: गवाक्ष

@तिरफळ, एका अटीवर चालेल. ती अट बघा.

तुमच्या तंबूत हवा ४५० लिटर. त्यात आत्ता कार्बन डायऑक्साइड किती? ०.१९ लिटर फक्त. बाटली तासाला ०.१७ लिटर देते. चेन बंद, पंखा बंद, फटींतून तासाला एकदा हवा बदलते असं धरलं, तर आतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा ३७० पीपीएमने वर जाऊन थांबेल, म्हणजे आठशेच्या जवळ. कागदावर उत्तम. पण एक्झॉस्ट फॅन मिनिटाला एकदा तंबूची हवा बदलत असेल, आणि बहुतेक तंबूंमध्ये तो तितपत असतोच, तर हीच वाढ ६ पीपीएम. सगळा वायू खोलीत गेला.

मग पंखा बंद ठेवावा का? कोकणात? दिव्यांची उष्णता आणि पानांतून निघणारं बाष्प आत कोंडून मिरचीच्या रोपांना भुरी नाहीतर मर धरेल. वायू वाचवायचा तर आत थंडावा आणि कोरडेपणा टिकवायची सोय हवी. ती यंत्रणा उभारणाऱ्याने सिलिंडर आणि नियंत्रकच घ्यावा, बाटलीच्या नादी लागू नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बंद तंबूत झाडंच कार्बन संपवतात. चांगल्या उजेडात पाव चौरस मीटर पानं तासाला ०.२ लिटर सहज ओढतात. तुमच्या तंबूतला सगळा साठा तासाभराचा. तो खाली खाली येत ५० पीपीएमच्या आसपास गेला की अन्न तयार करणं आणि श्वसन बरोबरीला येतं, वाढ थांबते. हवा बंद ठेवून बाटली टांगणारे पुष्कळदा हीच तूट भरून काढत असतात. तेच काम छोटा पंखा फुकटात करतो. शिवाय पानांना चिकटून जो स्थिर हवेचा थर असतो तो वाऱ्याने पातळ होतो, बाष्पोत्सर्जन नीट चालतं, आणि कोवळ्या लेट्यूसची टोकं कॅल्शियम न पोचल्यामुळे जळतात तो त्रासही कमी होतो.

प्रतिसाद: पाणशेवाळ

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. बाटलीला सगळ्यांनी निरोप देण्याआधी मत्स्यपेटीकडे वळा, कारण ती खरी तिथली आहे.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम वायू असतो. लाल पानांचा रोटाला, गवतासारखी खाली पसरणारी झाडं यांना हवा असतो २० ते ३० मिलिग्रॅम. फरक बघा, तीस ते पन्नास पट. आणि वायू किती लागतो? ६० लिटरच्या टाकीत ३० मिलिग्रॅमने म्हणजे एकूण १.८ ग्रॅम. सरांच्या बाटलीतून तासाला ०.३ ग्रॅम निघतो. इथे हिशोब जुळतो! जपानच्या ताकाशी अमानो यांच्यामुळे पाण्यातल्या बागांचा जो शौक जगभर पसरला त्यात कार्बन डायऑक्साइड हा पाया आहे, आणि ज्यांना सिलिंडर परवडत नाही ते सगळे साखरेच्या बाटलीने सुरुवात करतात.

माझी जोडणी लिहितो, कुणाला उपयोग होईल.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्यायची. ती दाबासाठी बनवलेली असते. मिनरल वॉटरची पातळ बाटली नको, आणि काचेची तर मुळीच नको. तळाला २०० ग्रॅम साखर चायना ग्रासच्या जेलीत बसवतो. जेली थंड होऊन घट्ट झाली की वर कोमट पाणी आणि पाव चमचा बेकरीचं कोरडं यीस्ट. साखर जेलीतून हळूहळू सुटते म्हणून वायू एकदम न येता पुरवून येतो. नुसत्या साखरपाण्याची बाटली पहिले तीन-चार दिवस धडधडते आणि मग मरगळते. झाकणाच्या भोकात मत्स्यपेटीची सिलिकॉनची नळी तिरकी कापून, टोक पक्कडीने ओढून बसवायची. भोक नळीपेक्षा किंचित लहान असलं की गोंद लागत नाही. मग दुसरी छोटी बाटली, अर्धी पाण्याने भरलेली. पहिलीचा वायू तिच्या पाण्यातून बुडबुडे काढत जातो. फेस आणि यीस्टचा गाळ इथेच अडकतो आणि बुडबुडे मोजता येतात. तिच्यानंतर एकदिशा झडप, नाहीतर रात्री बाटली थंड झाली की टाकीचं पाणी नळीतून उलट खेचलं जातं. शेवटी बारीक बुडबुडे करणारा चिनीमातीचा दगड.

उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे हीच बाटली आठवड्यात संपेल, यीस्ट कमी घाला. थंडीत बाटली टाकीच्या दिव्यांच्या जवळ ठेवा.

यीस्ट बंद करता येत नाही, हा मोठा दोष. रात्री झाडं वायू घेत नाहीत, उलट सोडतात. दिवे मालवले की एअरपंप चालू करायचा. पहाटे मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंड काढून धापा टाकताना दिसले की समजायचं, वायू जास्त झालाय. तेव्हा ताबडतोब पंप आणि निम्मं पाणी बदल. रंग बदलणारा दर्शक टाकीत लावता येतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे माशांना धोका. पण तो तास-दोन तास मागे असतो, त्यामुळे आधी मासे बघा.

वेलासारखी वाढणारी हायड्रिला आणि लांब पट्ट्यांची व्हॅलिसनेरिया यांना बाटली नकोच. त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढतात. बोअरच्या जड पाण्यात तर मस्त वाढतात.

प्रतिसाद: मेथीची_जुडी

@पाणशेवाळ दादा, यीस्टऐवजी सोडा आणि लिंबूसत्व चालतं का? ते बंद करता येतं असं ऐकलंय.

प्रतिसाद: पाणशेवाळ

चालतं. दोन बाटल्या आणि वर दाब दाखवणारी काटी असलेलं जे जोडझाकण मिळतं ते त्याचंच. २०० ग्रॅम सोडा एकीत, २०० ग्रॅम लिंबूसत्व पाण्यात विरघळवून दुसरीत. आम्ल थोडंथोडं सोड्यात ओढलं जातं आणि सुई-झडपेने प्रवाह कमी-जास्त करता येतो. यातून साधारण १०० ग्रॅम वायू मिळतो. पण हिच्यात दाब खरोखर चढतो. सुरक्षा-झडप नसलेलं स्वस्तातलं झाकण घेऊ नका, आणि घरी जुगाड करून बंद बाटलीत सोडा-आम्ल एकत्र करू नका. यीस्ट सावकाश फुगवतं, सोडा सेकंदांत.

प्रतिसाद: वाफसा

सातारा जिल्ह्यातून. आमचा धिंगरी (ऑयस्टर) आळंबीचा छोटा व्यवसाय आहे. वर आळंबीच्या पिशवीचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

आळंबी श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, हे खरं. गव्हाच्या काडावर बुरशी पसरत असताना पिशवी हाताला गरम लागते इतकं काम आत चालू असतं. पण आमच्या धंद्यात हा वायू म्हणजे डोकेदुखी आहे. खोलीत तो हजार पीपीएमच्या वर गेला की धिंगरीचा देठ लांबतो, छत्री बटणाएवढी राहते आणि मालाला भाव येत नाही. म्हणून आम्ही फळधारणेच्या वेळी दिवसातून अनेकदा हवा बदलतो. म्हणजे झाडाला जे पाहिजे ते आळंबीला नको. एका खोलीत दोन्ही चांगलं पिकवायचं म्हटलं तर एकाचं नुकसान.

त्याहून महत्त्वाचं, धिंगरी तोडायला उशीर झाला की बीजाणूंचा पांढरा धुरळा उडतो. आळंबीवाल्यांना त्यापासून फुप्फुसाचा त्रास होतो, आमच्याकडे काम करणारे मास्क लावूनच आत जातात. झोपायच्या खोलीत रॅकखाली पिशवी ठेवायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर मुळीच नको.

प्रतिसाद: सुरंगी

गवाक्ष सर, आमच्याकडे सासूबाई रोज संध्याकाळी धूप-कापूर लावतात, मी मुद्दाम रॅक देवघराशेजारी ठेवलाय. जळण्यातूनही कार्बन डायऑक्साइड येतो ना? आणि आमच्या शेजारच्या काकांनी 'कार्बाइडची पूड पाण्यात टाका, गॅस येतो' असं सांगितलं. तो चालेल का?

प्रतिसाद: गवाक्ष

सुरंगीताई, दोन्ही नको. कार्बाइड तर अजिबात घरात आणू नका.

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन निघतो. वेल्डिंगवाले वापरतात तो, भडकणारा. त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संबंध नाही. आंबे-केळी पिकवायला लोक तो वापरायचे, कारण झाडं त्याला इथिलीनसारखा, म्हणजे फळं पिकवणाऱ्या नैसर्गिक वायूसारखा, प्रतिसाद देतात. फळं पिकवायला त्याच्यावर कायद्याने बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते. वाढत्या रोपाजवळ तो सोडणं म्हणजे पानं पिवळी करून गाळायची व्यवस्था.

धूप, मेणबत्ती, शेगडी यांत ज्वलन अपुरं होतं. त्यातून इथिलीनही निघतो आणि कार्बन मोनॉक्साइडही. इथिलीनला झाडं फार हळवी असतात, कळ्या गळतात, पानं वळतात. म्हणून पिकलेल्या केळ्यांचा घडही रॅकपासून दूर ठेवा. मोनॉक्साइड माणसाचा जीव घेतो, दरवर्षी थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. देवापुढचा धूप सासूबाईंनी जरूर लावावा. रॅक तेवढा दुसऱ्या भिंतीला न्या.

प्रतिसाद: समुद्रसपाटी

मी नेदरलँड्समध्ये वेस्टलँडजवळ राहतो. हेगच्या दक्षिणेला मैलोन्मैल काचगृहं आहेत, रात्री ढगांवर त्यांच्या दिव्यांचा केशरी उजेड दिसतो. तिथे गेल्यावर मला कळलं की इथले टोमॅटोवाले नैसर्गिक वायू जाळतात तो निव्वळ उबेसाठी नाही. भर उन्हाळ्यातही दिवसा इंजिन चालवतात. वीज विकतात, गरम पाणी मोठ्या टाक्यांत साठवून रात्री वापरतात, आणि धुरातला कार्बन डायऑक्साइड पिकाच्या ओळींखाली पसरलेल्या भोकांच्या प्लास्टिक नळ्यांतून सोडतात. पण तो धूर आधी उत्प्रेरकातून स्वच्छ करतात, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इथिलीन काढून. सरांनी धुपाबद्दल लिहिलं तेच कारण. २००५ पासून रॉटरडॅमच्या पेर्निस तेलशुद्धीकरण कारखान्यातला वायू एका जुन्या पाइपलाइनने इथल्या काचगृहांना येतो, त्यामुळे उन्हाळ्यात निव्वळ वायूसाठी गॅस जाळायची गरज कमी झाली.

गंमत म्हणजे छताची तावदानं उघडली की तेही हजारचा हट्ट सोडतात, बाहेरच्या हवेइतकं टिकवण्यापुरताच सोडतात. उघड्या जागेत वायू घालवणं त्यांनाही परवडत नाही.

प्रतिसाद: वाफसा

म्हणूनच आपल्याकडे मावळात, तळेगावला गुलाबाच्या पॉलीहाउसमध्ये हे दिसत नाही. तिथे बाजूचे पडदे गुंडाळून वर ठेवतात, छताला वारा जायला मोकळी फट असते. उष्णता बाहेर काढणं हेच आपल्या हवेतलं पहिलं काम.

प्रतिसाद: तिरफळ

एक शंका राहिली. हा वायू हवेपेक्षा जड असतो. मग बाटली वर टांगली तर तो खाली झाडांवर 'ओतला' जाणार नाही का? व्हिडिओत तेच सांगतात.

प्रतिसाद: गवाक्ष

दीडपट जड आहे. पण नळीतून कपभर वायू तासाभरात झिरपतो तेव्हा तो हवेत मिसळून जातो. एकदा मिसळला की वेगळा होऊन खाली बसत नाही. दिव्यांच्या उष्णतेने वर जाणारी हवा आणि पंखा मिळून पाच मिनिटांत ढवळून टाकतात. खाली साचतो तो मोठ्या प्रमाणात एकदम तयार झाला आणि वारा नसला तर. ते फार गंभीर प्रकरण आहे.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखालचे खोल साठे. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा, मग माणूस. आत कोंडलेल्या मालाच्या श्वसनाने ऑक्सिजन संपलेला आणि कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. जुन्या विहिरीत, मळीच्या टाकीत, शेणाच्या खड्ड्यात माणसं जातात, वाचवायला उतरलेलेही जातात, त्यात याच वायूचा मोठा हात असतो. कॅमेरूनच्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तळाचा कार्बन डायऑक्साइड उसळून दरीत उतरला आणि सुमारे १७०० माणसं झोपेत गेली.

घरात ही पातळी यीस्टने येणार नाही. कोरड्या बर्फाने, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने, येऊ शकते. एक किलो कोरडा बर्फ म्हणजे ५४० लिटर वायू. दहा बाय दहाच्या बंद खोलीत २०,००० पीपीएमच्या वर. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ५००० ही मर्यादा धरतात. आइस्क्रीमबरोबर आलेला बर्फ 'झाडांना होईल' म्हणून रात्री झोपायच्या खोलीत ठेवू नका, बंद गाडीतूनही नेऊ नका.

प्रतिसाद: सुरंगी

बापरे. हे माहीत नव्हतं. रॅक हलवला. आता कंपोस्टच्या डब्याचं सांगा, तो तरी ठेवू का?

प्रतिसाद: अनुस्वार

डबा चांगला मुरलेला असेल, मातीचा वास येत असेल तर त्रास नाही. पण उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर तो अमोनिया. कोवळ्या पानांच्या कडा जाळतो. ओला कचरा जास्त झाला की होतं, सुकी पानं किंवा भुस्सा घाला आणि तोवर डबा गॅलरीत. झाडांसाठी खरं काम ते कंपोस्ट कुंडीत घातल्यावर होतं. मातीतले जीवाणू तिथेही कार्बन डायऑक्साइड सोडतातच, अगदी पानांखाली.

प्रतिसाद: सुरंगी

आणि माझी ऑर्किड? ती तर रात्री 'उलटा श्वास' घेते म्हणतात.

प्रतिसाद: गवाक्ष

फॅलनॉप्सिस असेल तर हो. पाणी वाचवायला ती, निवडुंग आणि सापाच्या कातडीसारख्या पानांचं ते स्नेक प्लांट पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, कार्बन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा बंद दाराआड वापरतात. म्हणून ऑर्किड झोपायच्या खोलीत ठेवा. दोन माणसं दार-खिडकी लावून झोपली तर पहाटेपर्यंत तिथे दीड-दोन हजार पीपीएम सहज होतं. माणसांसाठी मात्र मी खिडकी किलकिली ठेवायला सांगेन, सकाळी डोकं जड वाटत असेल तर आधी तेच करून बघा.

प्रतिसाद: केळफूल

जळगावहून. मी केळीच्या ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळेत काम करते. एक गोष्ट जोडते, कारण तुमच्या बंद तंबूच्या हिशोबाशी तिचं नातं आहे.

आमच्या बाटलीतली रोपं हिरवी दिसतात पण जगतात खाद्यमाध्यमातल्या साखरेवर. झाकण घट्ट, दिवे लागले की काही वेळात आतला कार्बन डायऑक्साइड तळाला जातो, मग पानं असून नसल्यासारखी. जपानमध्ये चिबा विद्यापीठाचे तोयोकी कोझाई यांनी यावरच काम केलं. झाकणाला जीवाणू अडवणारी पण हवा जाऊ देणारी पातळ पट्टी लावली, उजेड आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला, तर साखरेशिवाय रोपं स्वतःच्या पानांवर वाढतात आणि बाहेर काढल्यावर मरही कमी होते.

घरी कुणी बाटलीतली केळी किंवा ऑर्किडची रोपं आणत असेल तर सांगते. बाहेर काढल्यावर मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्यात पूर्ण धुवा, तिच्यातल्या साखरेवर बुरशी येते. मग कोकोपीटमध्ये लावून वर पारदर्शक डबा उपडा ठेवा. पहिल्या दिवसापासून रोज डबा थोडा वेळ उचला आणि ती वेळ वाढवत न्या. पान मलूल झालं की परत झाका.

प्रतिसाद: तिरफळ

@केळफूल, किती वेळापासून सुरुवात करू? माझ्याकडे सफेद वेलची केळीची रोपं यायची आहेत.

प्रतिसाद: केळफूल

दहा मिनिटं, सकाळी, ऊन चढायच्या आत. कोकणातली हवा दमट आहे, तुमच्याकडे आमच्यापेक्षा लवकर सरावतील. पंखा थेट रोपांवर नको, भिंतीकडे तोंड करून ठेवा.